अडलेल्या पेशी

पेशी अडल्या की बाईंना बरं वाटायचं. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण त्यांचा धंदाच तसा होता. त्या यीस्टवर संशोधन करायच्या. पाव फुगवतं तेच हे यीस्ट. नुसत्या डोळ्यांना पिठूळ साय दिसते, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र अंड्यासारख्या गोल पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या अंगाला फुटलेला एक लहानसा कोंब. कोंब वाढत वाढत जवळजवळ आईएवढा होतो आणि मग आई न् लेक सुट्या होतात. हे सुटं होणं कोण ठरवतं, मध्येच काही बिनसलं तर कोण थांबवतं, हे शोधण्यात बाईंचे केस पिकले होते. संस्थेत सगळे त्यांना यीस्टबाई म्हणत. प्रयोगशाळेतली मुलं समोर मॅडम म्हणत आणि मागे काय म्हणत ते बाईंनी कधी विचारलं नाही.

आता निवृत्ती फार लांब नव्हती. पाठ धरायची, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की पाणी यायचं, आणि अर्धा दिवस समित्यांच्या बैठकांत जायचा. अशात त्यांच्या हाती एक शोध लागला होता. खरं तर त्यांच्या विद्यार्थिनीच्या हाती. ही मुलगी प्रयोगशाळेत सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून तिला शेंडेफळ म्हणायचे. नंतर आणखी दोघं आले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. शेंडेफळानं यीस्टमधलं एक जनुक काढून टाकलं, आणि त्या पेशी विभागता विभागता मध्येच अडल्या. आई आणि लेक एकमेकींना चिकटून राहिल्या, ना पुढे ना मागे. या जनुकाचा विभाजनाशी संबंध असेल असं जगात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शोधनिबंध लिहून झाला, पाठवला, तपासणाऱ्यांना आवडला. त्यांनी एवढंच म्हटलं, की सगळे प्रयोग ताज्या पेशींवर पुन्हा एकदा करून दाखवा. तेवढं झालं की निबंध छापून येणार होता आणि त्याच्या जोरावर शेंडेफळाची पदवी होणार होती. बाईंनाही वाटत होतं, जाता जाता एक बरं काम हातून होतंय.

एके दिवशी दुपारी शेंडेफळ दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, साध्या पेशीपण अडतायत."

साध्या म्हणजे ज्यांतून काहीही काढलेलं नाही, त्या. तुलनेसाठी ठेवलेल्या. त्या अडायचं काहीच कारण नव्हतं.

"काहीतरी चुकलं असेल तुझं," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"पुन्हा केलं मॅडम. परत तेच."

"मग परत कर. तापमान बघ, बाटल्या हलवणारा तो शेकर नीट चालतोय का बघ. आणि जरा लक्ष देऊन कर."

शेवटचं वाक्य नको होतं. पोरगी ओठ दाबून निघून गेली. बाईंना ते कळलं, पण तिला परत हाक मारायचंही त्राण नव्हतं. बैठकीची वेळ झाली होती.

त्याच आठवड्यात माळीबुवा आले. हे नाव संस्थेनं ठेवलेलं. एरवी ते वनस्पतिशास्त्राचे मोठे प्राध्यापक. पानांवरची बारीक छिद्रं कधी उघडतात, कधी मिटतात, झाड पाणी कसं ओढतं आणि कसं सोडतं, यात त्यांची हयात गेली होती. तळमजल्याच्या मागे त्यांचं काचघर होतं. आजारी लेकराला घेऊन यावं तशी घेवड्याची एक कुंडी छातीशी धरून ते आत शिरले आणि त्यांनी ती बाईंच्या कागदांवरच ठेवली. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या होत्या, मधला सगळा भाग पिवळा पडला होता.

"बाई, हे तुमचं काम."

"माझं? मी काय केलं तुमच्या घेवड्याला?"

"तुमच्या खोलीतून कुणीतरी माझ्या पाण्यात काहीतरी सोडतंय."

"माळीबुवा, तुम्ही तळाला, मी वरच्या मजल्यावर. आमचं यीस्ट काय जिना उतरून येतं का?"

एरवी ते हसले असते. आज खुर्चीत बसले आणि हातांनी चेहरा चोळला.

"सगळे म्हणतात, म्हाताऱ्याचं लक्ष उडालंय, झाडांना पाणी घालायला विसरतो. मी स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस दरवर्षी विसरलो. बायको होती तोवर दरवर्षी बोलणी खाल्ली. पण पाणी घालायला विसरलो नाही कधी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दोन कुंड्या घरी नेल्या होत्या. नवी पानं हिरवीगार आली. तुम्हीच सांगा, आजार झाडाला आहे की या इमारतीला?"

बाईंनी त्यांना चहा दिला, बघते म्हणाल्या, आणि ते गेल्यावर विसरून गेल्या. कुंडी मात्र तिथेच राहिली.

रविवारी नणंद जेवायला आली. ती डॉक्टर होती, पण दवाखाना थाटून बसणारी नव्हे. संस्थेच्या मागे पसरलेल्या वस्तीतलं सरकारी आरोग्य केंद्र तिच्याकडे होतं आणि ती घरोघर फिरायची. कोण आजारी पडतं, का पडतं, एकाच गल्लीत जास्त का पडतं, हे शोधणं तिचं काम. नणंद-भावजयीचं सुरुवातीची कितीतरी वर्षं फारसं जमलं नव्हतं. नणंद एकदा भर पाहुण्यांत म्हणाली होती, "वहिनीचं बरंय. यीस्ट मेलं तर फ्रिजमधून दुसरं काढायचं. माझ्याकडे तशी सोय नाही." ते बाईंच्या मनात खूप दिवस रुतून बसलं होतं. आता दोघींची वयं अशी झाली होती, की भांडायला लागणारा दमही उरला नव्हता, आणि त्यातून एक प्रकारची मैत्री झाली होती.

नणंद चपला काढून जी बसली ती खाली मान घालून जेवायलाच लागली.

"अगं, चावून तरी खा," बाईंचे यजमान म्हणाले. "कुणी काढून घेत नाहीये ताट."

"दादा, गप रे. सकाळपासून पोटात काही नाही."

"वन्सं, दमलेल्या दिसताय," बाई म्हणाल्या. वन्सं हे जुन्या वळणाचं संबोधन त्या चेष्टेनंच वापरायच्या.

नणंदेनं घास गिळला आणि बोलायला लागली. वस्तीतल्या मुलांच्या लघवीत प्रथिनं सापडत होती. एक-दोन मुलांच्या नव्हे, गल्लीच्या गल्लीत. म्हणजे मूत्रपिंडं कुठेतरी दुखावली जात होती. तिनं वर कळवलं तर वरच्या कचेरीतून उत्तर आलं, तपासायच्या पट्ट्या खराब असतील. पट्ट्या बदलल्या. मग म्हणाले, ताप येऊन गेला असेल. मग म्हणाले, पोरांना खायला नीट मिळत नाही, दुसरं काय.

"खरं सांगू वहिनी, आता मी चुकले असेन तरी चालेल. पण कुणीतरी येऊन चूक दाखवा. नुसतं असेल-असेल ऐकून कान किटले माझे."

बाई ऐकत होत्याही आणि नव्हत्याही. डोक्यात अडलेल्या साध्या पेशीच घोळत होत्या. आणि एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे टेबलावरची ती कुंडी आली.

"पाणी कुठून येतं गं त्यांना?"

"तुमच्याच टाकीतून. टेकाडावरची ती मोठी. आधी तुमची संस्था लागते, मग वस्ती. का गं?"

"सहज विचारलं."

बाईंचा हात ताटातच थांबला होता. यजमानांच्या ते लक्षात आलं. "काय झालं?"

"काही नाही. मीठ जरा जास्त झालंय."

"मी केलंय म्हटल्यावर जास्तच असणार," ते म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

बाईंनी नणंदेला तेव्हा काही सांगितलं नाही. खात्री नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. पाण्यात दोष असेल तर साध्या पेशी का अडल्या ते कळलं. पण मग शेंडेफळाच्या पेशी कशानं अडल्या होत्या? जनुकानं, की त्याच पाण्यानं?

सोमवारी त्यांनी माळीबुवांना, ज्या पाण्यावर त्यांच्या कुंड्या हिरव्या झाल्या ते त्यांच्या घरचं पाणी आणायला सांगितलं. माळीबुवांनी डबे भरून आणले. बाईंनी कितीतरी वर्षांनी स्वतःच्या हातानं यीस्टचं खाद्य शिजवलं, अर्धं संस्थेच्या पाण्यात, अर्धं घरच्या पाण्यात. पेशी सोडल्या, रात्रभर वाढू दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. संस्थेच्या पाण्यात सगळ्याच पेशी अडलेल्या होत्या. मग त्यांनी घरच्या पाण्यातली काच सरकवली. साध्या पेशी मजेत वाढत होत्या. शेवटची काच जनुक काढलेल्या पेशींची होती.

त्याही मजेत वाढत होत्या. कोंब फुटत होते, मोठे होत होते, सुटत होते. कुठेही अडणं नव्हतं. इतकं स्वच्छ विभाजन बाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळा काढला, पुसला आणि परत लावला. बघण्यासारखं नवीन काही नव्हतं. त्यांचा शोध संपला होता.

शेंडेफळ मागे येऊन उभी होती. "वाढतायत का?"

"हो. छान वाढतायत. ये, बघ."

पोरीनं बघितलं. बराच वेळ ती वाकूनच राहिली.

"म्हणजे ते जनुक विभाजनाचं नाही."

"नाही. पाण्यात काहीतरी विषारी आहे, धातू असावा. त्याचा बंदोबस्त करणारं जनुक आहे ते. तू ते काढलंस, म्हणून तुझ्या पेशी नाजूक झाल्या आणि थोड्याशा विषानंही अडल्या. आता विष वाढलंय, म्हणून धडधाकटही अडतायत."

"आणि तसली जनुकं..."

"लोकांना आधीपासून माहीत आहेत. ढिगानं."

"पण आपल्याकडे पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे ना!"

दोघी गेल्या आणि त्यांनी यंत्र उघडलं. आतली गाळणी तपकिरी होऊन केव्हाच निकामी झाली होती. बाहेरचा हिरवा दिवा मात्र जळत होता. इमारतीतले सगळे रोज तो दिवा बघून पाणी भरून नेत होते.

"मग माझं काय?" शेंडेफळ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच बाईंना तो जास्त लागला. "तुम्ही मला लक्ष देऊन कर म्हणालात."

"म्हणाले. चुकलं माझं."

पोरगी पिशवी उचलून गेली आणि बरेच दिवस फिरकली नाही.

त्याच दुपारी बाई चालत आरोग्य केंद्रात गेल्या. नणंद एका मुलाच्या पायाची जखम धूत होती. हात पुसून बाहेर आली, आणि बाईंनी ओट्यावर उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. बाईंना वाटलं होतं ती उडी मारेल, म्हणेल बघा, मी सांगत होते. पण ती भिंतीला टेकून खाली बसली.

"म्हणजे मी चुकले नव्हते."

"नाही."

मग तिच्या ध्यानात आलं. "वहिनी, आणि तुझं ते जनुक?"

"गेलं."

"सगळं?"

"सगळं. बरं झालं, फ्रिजमध्ये जागा झाली."

नणंद हसली नाही. तिनं बाईंचा हात धरला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

पुढचं वेगात झालं असं म्हणायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. पाणी आणि माळीबुवांची पिवळी पानं धातू तपासणाऱ्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा दोन्हींत कॅडमियम निघालं. लोखंडी वस्तूंवर मुलामा देताना वापरतात तो हा धातू. अंगात शिरला की मूत्रपिंडात ठाण मांडून बसतो. पाणी उकळून तो जात नाही, हे नणंदेला लगेच उमगलं, कारण वर्षभर ती घरोघर पाणी उकळून प्या असंच सांगत फिरत होती. ते आठवून तिला रात्री झोप लागेना.

संस्थेच्या संचालकांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, तोही बैठकांनी पिचलेलाच.

"थोडं थांबता येणार नाही का? आपलंच यंत्र बंद पडलं होतं हे बाहेर गेलं तर इथल्या सगळ्यांचंच काम संशयात येईल."

"यायलाच हवं साहेब."

"तुम्ही थकल्या आहात बाई. आठ दिवस सुट्टी घ्या, मग शांतपणे बोलू."

"थकले आहे, म्हणूनच आत्ता सांगते. पुन्हा येऊन सांगायची ताकद नाही माझ्यात."

खोलीत परत येऊन त्यांनी निबंध मागे घेतल्याचं कळवून टाकलं. बातमी दुपारच्या आत इमारतभर झाली. ज्यांचे प्रयोग त्याच पाण्यावर चालले होते ते सगळेच बाईंवर नाराज झाले. जिन्यात समोरून येणारी माणसं मोबाइल काढून बघू लागली. एकजण तर तोंडावर म्हणाला, "तुमचं बुडालं ते बुडालं, आम्हाला कशाला ओढलंत?" बाईंनी त्याला वाट करून दिली. त्याचीही कुठलीतरी पदोन्नती अडलेली होती, हे त्यांना माहीत होतं.

माळीबुवा तेवढे रोज चहाला यायचे. "पाण्यानंच आपल्या कामावर पाणी फिरवलं म्हणायचं," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर पुष्कळ दिवसांनी मनापासून हसले.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिघं मिळून गेले. आधी एका बाकावर बसवलं, मग दुसऱ्या. अखेर ज्या अभियंत्यापुढे नेलं तो तरुण होता आणि घाईत होता. माळीबुवांनी कुंडी त्याच्या टेबलावर ठेवली. बाईंनी पेशींचे फोटो ठेवले. नणंदेनं मुलांबद्दल सांगितलं. ती आज अजिबात चिडली नाही, एका सुरात बोलत राहिली, जणू पाठ करून आली होती.

अभियंत्यानं घेवड्याचं एक पान उलटंपालटं करून पाहिलं. "पेशी, पानं आणि पोरं," तो म्हणाला. "तिन्ही एकाच टाकीवर?"

"एकाच."

"मी पितो तेही तिथलंच. माझं घर वस्तीच्या अलीकडे आहे." त्यानं समोरचा पाण्याचा पेला जरा लांब सरकवला आणि फोन उचलला.

टाकी बंद झाली. वस्तीत टँकर सुरू झाले. शोधाशोध करता करता टेकाडापलीकडे मुलामा देण्याचा एक कारखाना निघाला. त्याच्या सांडपाण्याच्या खड्ड्याला तडे गेले होते, आणि टाकीत ज्या विहिरीचं पाणी चढवत ती त्याच उतारावर होती. मालक म्हणाला, मला कल्पना नव्हती. असेलही. कारखान्याला कुलूप लागलं आणि तिथले कामगार आरोग्य केंद्रासमोर येऊन नणंदेला दोन दिवस शिव्या देऊन गेले. तिनं त्यांच्या लघवीचे नमुने मागितले तेव्हा मात्र एकेकानं आणून दिले. त्यांच्यात तर प्रथिनं मुलांपेक्षा जास्त निघाली.

शेंडेफळ एका सकाळी परत आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"मॅडम, मला तुमचा राग आलाय."

"असू दे. राग ठेवून काम करता येतं."

"नवा विषय द्या. लहान द्या. आणि पाणी मी स्वतः तपासणार."

"तपास," बाई म्हणाल्या. त्या दिवशी दोघींनी मिळून सगळं जुनं खाद्य ओतून टाकलं, बाटल्या घासल्या, फडताळं पुसली. पोरीची पदवी लांबणीवर पडली. तिनं त्याबद्दल बाईंना पुढे पुरतं माफ केलं की नाही, ते सांगता येणार नाही. पण ती गेली नाही. माळीबुवा ठरल्या वेळी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की मी पाणी घालायला विसरत नव्हतो. अर्ध्या लोकांना त्यातलं काही कळलं नाही.

मुलांचं काय, हे बाई नणंदेला अधूनमधून विचारायच्या. काहींची लघवी सुधारत होती. काहींची सुधारायची नव्हती. जे दुखावलं गेलं ते पुरतं भरून येत नाही, पुढचं तेवढं थांबतं. त्या मुलांवर मोठं होईस्तोवर लक्ष ठेवावं लागणार होतं, आणि नणंदेचं काम कमी होण्याऐवजी वाढलं होतं.

दुसऱ्या विहिरीवरून नवा पाइप जोडून पाणी पुन्हा सुरू झालं त्या आठवड्यात बाई एका संध्याकाळी केंद्रावर गेल्या. शेवटची माणसं जात होती. वस्तीतली एक आई पोराला कडेवर घेऊन थांबली. ती नणंदेकडे वळली नाही, बाईंनाच विचारू लागली. यांनी शोधून काढलं म्हणे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"ताई, आता पाणी चांगलं आहे ना?"

बाईंना चटकन हो म्हणता आलं असतं. "आज तपासलंय," त्या म्हणाल्या. "आजचं चांगलं आहे. दर आठवड्याला तपासणार आहोत."

त्या आईला याहून मोठं काहीतरी ऐकायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं मान हलवली, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघून गेली.

नणंदेनं आतले दिवे घालवले, दाराला कडी घातली आणि ओट्यावर बाईंच्या शेजारी बसली. चपला काढून तिनं पाय लांब केले.

"दादा वाट बघत असेल," ती म्हणाली. "निघायचं?"

"बसू जरा," बाई म्हणाल्या.

नणंदेचं डोकं हळूहळू कलत त्यांच्या खांद्यावर आलं. ती झोपली होती. बाईंची पाठ दुखत होती, पण त्या हलल्या नाहीत.